मानमोडीच्या सालचा दाखला

अंगण सारवलेले पाहिले आणि कोंडाजीच्या मनात सकाळीच कुसळ शिरले. शिमगा होऊन आठवडाच झाला होता. सणाचे सारवण अजून पुरते उखडलेही नव्हते. वीस वर्षे याच अंगणात उतेकरांच्या भावकीची बैठक बसत आली होती आणि वीस वर्षे कोंडाजी पडवीच्या मधल्या खांबाला टेकून न्याय सांगत आला होता. पण बैठकीसाठी म्हणून त्याच्या बायकोने, ठमाबाईने, कधी शेणात हात घातल्याचे त्याला आठवत नव्हते.

“कुनासाठी गो हे?”

“भावजी येनार ना आज.” ठमाबाईने मान वर केली नाही. “कोर्टातल्या मानसाला धुळीत बसवू काय?”

“मी बसतोच की धुळीत.”

“तुमी घरचंच.”

घरचा. हा शब्द कोंडाजीला अलीकडे टोचू लागला होता. पोलादपूरच्या बाजारात त्याला लोक ‘प्राध्यापकांचे बंधू’ म्हणत. महाडच्या मामलेदार कचेरीत एकदा कुणा कारकुनाने त्याला खुर्ची दिली, तीही धाकट्या भावाचे नाव काढून. आंबेटेंभच्या बारा वाड्यांत पिढ्यान् पिढ्या जे तोंडी चालत आले ते सारे त्याच्या डोक्यात होते: कोणत्या साली कुणाचा तंटा कसा तुटला, दुसरेपणाचा पाट कसा लागला, बांध कुणी सरकवला आणि पंचांनी काय म्हटले. हे दाखले त्याचे वडील भागोजी यांनी थोरल्याला दिले. धाकटा गोमाजी लहानपणी दम्याने बेजार, नांगराला निरुपयोगी, म्हणून त्याला महाडच्या शाळेत घातले. त्या वेळी कोंडाजीला त्याची कीव आली होती.

आता तोच गोमाजी मुंबईच्या कायद्याच्या कॉलेजात मुलांना शिकवत होता. बारा वाड्यांतला तो पहिला वकील. सरकारने गावोगाव न्यायपंचायती काढायचे ठरवले तेव्हा त्याला समितीवर बोलावले. गेल्या उन्हाळ्यात त्याने पोलादपूरच्या शाळेत पंचांसाठी आठ दिवसांचा वर्ग घेतला. कोंडाजी पंच, म्हणून तोही गेला. पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला आणि फळ्यावर खडूने लिहिले जाणारे आपलेच दाखले त्याने ऐकले. बांधाचा तंटा. घरजावयाचा वाटा. शेजारी बसलेला सावाद गावचा पंच त्याच्या कानाशी लागून म्हणाला, “काय हुशार हाय तुमचा भाऊ! एवढं सगलं कुठनं शिकला आसंल?” शेवटच्या दिवशी कोंडाजीला वर्ग पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळाले, गोमाजीच्या सहीचे.

अकराच्या सुमारास पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर माणसे दिसली. गोमाजी मध्ये, हातात कातडी पिशवी, धोतरावर काळा कोट. त्याच्या मागेपुढे वाडीतली निम्मी माणसे. चढण चढताना त्याला धाप लागत होती आणि ते पाहून कोंडाजीला बरे वाटले. मग बरे वाटल्याची लाज वाटली.

गोमाजी येताच वाकून पाया पडला. “बरा आहेस ना, दादा?”

“हाय. तू वाळलास.”

“वहिनींच्या हातचं नाही ना मिळत.”

“मिलंल हो आता!” ठमाबाई दारातूनच म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की कोंडाजीने दुसरीकडे पाहिले.

*

जेवणे उरकून बैठक बसली तेव्हा समोरच्या डोंगरउतारावर भातपेरणीसाठी राब भाजल्याचा धूर सरळ वर चढत होता. वीस-बावीस माणसे होती. विषय सर्वांना ठाऊक होता. कोंडाजीचा चुलतभाऊ सोनबा दोन वर्षांपूर्वी वारला. त्याची बायको बयाबाई आणि नऊ वर्षांची मुलगी आवडी मागे राहिल्या. सोनबाचा धाकटा भाऊ चांगू मुंबईची गिरणी सोडून आला आणि त्याने नदीकाठच्या भातखाचरांत आपला नांगर घातला. बयाबाई ही सोनबाची बायकोच नव्हे, असे त्याचे म्हणणे. तिचा पहिला नवरा भिकू जिवंत आहे. त्याच्यापासून कोर्टाने तिला सोडवलेले नाही. मग सोनबाशी लागलेला पाट कसला आणि आवडी तरी कोण?

बयाबाईने महाडच्या कोर्टात दावा लावला. तिचा वकील मध्येच आजारी पडला, म्हणून गोमाजीने रजा काढून काम हाती घेतले होते. साक्षी परवा होत्या.

“कोर्टाची काडीमोड नाही म्हणून पाट खोटा, असं नाही,” गोमाजी सांगत होता. “नव्या कायद्यानेही आपला जुना रिवाज राखला आहे. पण तो रिवाज आहे, हे आपण सिद्ध केलं पाहिजे. तो जुना हवा, अखंड पाळलेला हवा. बयावहिनी, भिकूने काडी मोडली तेव्हा समोर कोण कोण होतं?”

बयाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढला. “भिकू व्हता कुठं, भावजी? तो ममईत. चार वरसं पत्ता नाय. मग कललं, तो दुसरीच्या संगती रातोय. आमच्या वाडीच्या पंचांनी मोडली काडी. त्याच्या घराच्या छपराची काडी उपसून मोडली.”

गोमाजीची लेखणी थांबली. त्याने टोपण लावले, काढले, पुन्हा लावले.

“पंचांनी?”

“व्हय.”

अंगणाच्या कडेला, फणसाच्या मुळावर बसलेला चांगू हसला. तो विरुद्ध पक्षाचा. पण भावकीच्या बैठकीला येण्यापासून भावकीतल्याला कुणी अडवत नाही. सदऱ्याच्या आतून त्याने एक पातळ पुस्तक काढले. ‘बारा वाड्यांचे रिवाज.’ लेखक, प्रा. गो. भा. उतेकर.

“कोर्टात प्रूफ लागतो, प्रूफ,” चांगू म्हणाला. “हा घ्या. पान सत्तेचालीस. मी वाचू का प्रोफेसरसाब वाचतील?”

गोमाजीने पुस्तकाला हात लावला नाही. तेव्हा त्यानेच अडखळत, अक्षरे जोडून वाचले: “‘काडीमोड ग्राह्य ठरण्यासाठी काडी पतीने स्वहस्ते मोडली पाहिजे. पतीच्या गैरहजेरीत पंचांनी ती मोडल्याचा दाखला, विचारणा करूनही, या वाड्यांत आढळला नाही.’ तुमच्याच हातचं हाय ना? माज्या खांबेटे वकिलांनी मला याच्या दोन प्रती आनायला सांगितल्यात.”

बयाबाई हळूच खाली बसली. कायद्याचे शब्द तिला कळले नसतील. माणसांची तोंडे कळली.

गोमाजी कोंडाजीकडे वळला. त्याचबरोबर सगळे अंगण वळले. “दादा, बयावहिनींच्या आधीचा एखादा दाखला आहे का? पंचांच्या हातच्या काडीचा? एक जरी असेल तरी मी उभा राहू शकतो.”

दाखला होता.

तो कोंडाजीच्या जिभेवर इतका तयार होता की क्षणभर आपण बोललोच असे त्याला वाटले. पहिल्या लढाईच्या शेवटी आलेल्या मानमोडीच्या साथीचे साल. शिवथरच्या खोऱ्यातली तुळसा. तिचा नवरा पलटणीतून बसऱ्याला गेला आणि तिकडचाच झाला. तीन गावच्या पंचांना तोड सापडेना. तेव्हा भागोजी उठला, त्याने नवऱ्याच्या घराच्या छपरातली काडी उपसली आणि म्हणाला: नवरा नाय तर नवऱ्याचं घर हाय, ज्या घरानं हिला आत घेतली तेच घर हिला सोडतंय. अख्ख्या खोऱ्यात भागोजीचे नाव झाले ते त्या दिवशी. कोंडाजी तेव्हा दहा वर्षांचा, बापाच्या धोतराला धरून उभा होता. गोमाजी पाळण्यात होता.

“बगतो आठवून,” कोंडाजी म्हणाला, “गुरांना पानी दावून येतो,” आणि उठला.

*

गोठ्यात काळोखी गारवा होता. त्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि नुसता उभा राहिला.

सात वर्षांपूर्वी, वैशाखात, गोमाजी वही घेऊन पंधरा दिवस येऊन राहिला होता. रोज सकाळी कोंडाजी सांगे, गोमाजी लिही. आधी कोंडाजीला फार गोड वाटले. कुणी एवढ्या आदराने कधी ऐकले नव्हते. पण वही जसजशी जाड होत गेली तसतसा तो आतून रिता होत गेला. बैठकीत सांगितलेला दाखला पुन्हा आपल्याच तोंडात परत येतो. वहीतला गोमाजीबरोबर मुंबईला जाणार होता. तेराव्या दिवशी गोमाजीने विचारले, “आणि नवरा हजरच नसेल तर?” कोंडाजीने त्याच्या बोटांना लागलेली शाई पाहिली. बापाला त्या दिवशी पाहिलेला आपल्या दोघांत मी एकटा, असे त्याच्या मनात आले. तो म्हणाला, “नाय. तसं कदी झालेलं नाय.”

पुढे पुस्तक आले. कोंडाजीने शाळेच्या मास्तरांकडून प्रस्तावना वाचून घेतली. त्यात ‘एका जाणत्या ग्रामस्थाने दिलेल्या माहितीच्या आधारे’ असे एक वाक्य होते. नाव नव्हते. तेव्हा एक दाखला मागे ठेवल्याचे त्याला फार समाधान वाटले होते.

“कोंडादा.” चांगू गोठ्याच्या दारात उभा होता. “मी काय तुला बोलायचा? तू थोर. पन एक सांगतो. गोमाजीची केस गोमाजीच्याच पुस्तकानं पडनार. तू फक्त गप बस. उद्या न्यायपंचायत निघाली की तिचा सरपंच निवडायचाय. आमच्या बाजूची पाच घरं तुज्या पाठी. लोकांना कलूं दे, न्याय कुनाच्या घरात हाय ते. काला कोट घातला म्हनजे झालं?”

चांगू गेला. आपल्या मनातले पाप दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आले की ते किती लहान दिसते, याचे त्याला नवल वाटत होते. आणि तरीही ते गोड लागतच होते. कोर्टात, सगळ्यांच्या देखत, गोमाजीच्या हातात गोमाजीचे पुस्तक. मान खाली. काही न करता, नुसते गप्प राहून.

“पानी दावलं?” ठमाबाई पाठीमागच्या दाराने आली होती. तिच्या हातात रिकामी घागर होती.

“दावतोय.”

“मग तुलसाचा दाखला कुठं गेला?”

कोंडाजीने झटकन मान वळवली.

“रोज पहाटे हितं शेन भरता भरता सगलं म्हनत जाताव तुमी, इसरू नये म्हनून. पंचवीस वरसं ऐकते मी. बांधाचा आला की तुलसाचा येतो, मग घरजावयाचा. म्हशीलासुदा पाठ झाला आसंल.” तिचा आवाज चढला नव्हता. “अंगनात बाई बसली हाय. तिची पोर मला सकाली इचारते, काकी, मी कोन? काय सांगू तिला?”

“तुला नाय कलायचं.”

“मला काय नाय कलत?” ठमाबाईने घागर खाली ठेवली. “भावजींसाठी अंगन सारवलं ते डोल्यांत गेलं तुमच्या. ते मला कललं नाय असं वाटतं? बरं. आता तुमी सांगताव का मी सांगू? मला चाल बी येते त्याची.”

*

कोंडाजी परत आला तो खांबाला टेकला नाही. उभाच राहिला. दाखला सांगण्याआधी म्हणायचे शब्द त्याने म्हटले: गाव ऐको, गोत ऐको, उंबरा साक्षी. आणि त्याने तुळसाचा दाखला पहिल्यापासून शेवटापर्यंत सांगितला. पंचांची नावे, वाडी, महिना, काडी कुठल्या कोपऱ्यातली, भागोजीचे बोल. त्यामागोमाग बिरवाडीच्या बाजूचा आणखी एक, पुढच्या दहा-बारा वर्षांतला. बापाचे बोल म्हणताना त्याचा आवाज बापासारखा झाला. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

चांगू उठून पुस्तक सदऱ्यात कोंबत पाखाडीने निघून गेला.

गोमाजीने एक अक्षरही लिहिले नव्हते. “दादा,” तो फार हळू म्हणाला, “हेच मी तुला विचारलं होतं.”

“इसरलो व्हतो.”

“तू?”

“मानूस हाय. इसरतो.”

गोमाजी त्याच्याकडे बघत राहिला. दोघांच्या मध्ये सारवलेली जमीन होती आणि तिच्यावर वीस माणसांच्या नजरा. मग गोमाजीने वही मिटली. “ठीक आहे. परवा साक्षीला तू,” तो म्हणाला. त्या दिवशी तो ठमाबाईच्या हातचे पुन्हा जेवला नाही. पोट बरे नाही म्हणाला आणि उन्हे कलायच्या आत पोलादपूरला उतरून गेला.

*

महाडच्या कोर्टाच्या दालनात पंखा नव्हता. सावित्री नदीवरून येणारा वारा खिडकीशी येऊन थांबत होता. कोंडाजी धुतलेला सदरा घालून आणि लाल फेटा बांधून पिंजऱ्यात उभा राहिला. गोमाजीने त्याला नाव, गाव, वय विचारले, जसे परक्याला विचारावे. मग दाखले विचारले. कोंडाजीने सांगितले. न्यायाधीश तरुण होते. आधी ते भराभर लिहीत होते, मग त्यांनी लेखणी खाली ठेवून नुसते ऐकले.

मागच्या बाकावर बयाबाई होती, तिच्याजवळ ठमाबाई. आवडीला त्यांनी आणले नव्हते. दुसऱ्या बाजूला चांगू.

खांबेटे वकील उलटतपासणीला उठले. पिकलेले, गोड बोलणारे गृहस्थ. हातात पुस्तक.

“कोंडाजीराव, या ग्रंथाच्या प्रस्तावनेत एका जाणत्या ग्रामस्थाचा उल्लेख आहे. हा जाणता ग्रामस्थ कोण, आपल्याला ठाऊक आहे?”

“व्हय.”

“कोण?”

सात वर्षांत हा प्रश्न त्याला कुणीही विचारला नव्हता. “मी.”

“म्हणजे या ग्रंथातले ज्ञान मुळात आपले?”

“माजं. माज्या बापाचं.”

“वा! मग श्रेय आपल्यालाच हवे.” खांबेटे मनापासून मान हलवत म्हणाले, आणि कोंडाजीची छाती नकळत भरून आली. अख्ख्या कोर्टात, सरकारच्या देखत, कुणीतरी म्हटले. पण म्हणणारा शत्रूपक्षाचा होता. “किती दाखले पाठ असतील आपल्याला?”

“सव्वाशेच्या वर.”

“आजपर्यंत किती विसरलात?”

“येक बी नाय,” कोंडाजी ताठ मानेने म्हणाला. गोमाजीने डोळे मिटून घेतलेले त्याने पाहिले, आणि मग त्याला कळले.

“उत्तम.” खांबेट्यांनी सत्तेचाळिसावे पान उघडले. “बंधूंनी आपल्याला विचारले होते, पंचांनी काडी मोडल्याचा दाखला आहे का. आपण नाही म्हणालात. ते इथे छापलेले आहे. आता आहे म्हणता. आपण तर काही विसरत नाही. मग हा दाखला बंधूंना खटला जिंकायचा आहे म्हणून परवाच तयार झाला, असेच ना?”

“नाय!”

“मग विसरला होतात?”

विसरलो म्हणावे तर विसरणाऱ्याचे दाखले कोण मानणार? सव्वाशेच्या सव्वाशे एका शब्दात बुडत होते. आणि त्यांच्याबरोबर बापाने उपसलेली ती काडी. विसरलो नाही म्हणावे तर पुढचा प्रश्न येणारच होता. त्याने गोमाजीकडे पाहिले. गोमाजी अर्धा उठला होता. हरकत घ्यावी की न घ्यावी, अशा बेताने. त्याच्या कपाळावर तीच आठी होती जी लहानपणी श्वास कोंडला की पडे.

“साहेब,” गोमाजी न्यायाधीशांना म्हणाला, “त्या पानावरची चूक माझी आहे. एकाच माणसाला विचारून मी ‘आढळला नाही’ असे लिहायला नको होते. साक्षीदाराला त्यासाठी जबाबदार—”

“मी साक्षीदाराला विचारतो आहे,” खांबेटे गोड आवाजात म्हणाले. “कोंडाजीराव? विसरला होतात?”

“नाय इसरलो,” कोंडाजी म्हणाला.

“मग त्या वेळी का सांगितला नाही?”

मागे कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. कोंडाजीने मागे पाहिले नाही.

“हेव्यापायी.”

न्यायाधीशांनी मान वर केली. “काय म्हणालात?”

“हेवा वाटला, साहेब. माजा सख्खा धाकटा भाव हाय तो. मी सांगायचं, तो लिवायचा, आनि नाव त्याचं व्हायचं. बापाचा सगल्यात मोठा न्याय तेवढा म्या माज्यापाशी ठेवला. त्याला नाय दिला. तो ममईला घेऊन जाईल म्हनून नाय दिला.” त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की पट्टेवालाही पुढे झुकला. “दाखला खोटा नाय. मी खोटा.”

खांबेट्यांनी पुस्तक मिटले. पुढे विचारायला तोंड उघडले, कोंडाजीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि आणखी काही विचारायचे नाही, असे सांगून ते खाली बसले. एवढ्या लोकांत माणूस स्वतःची अशी अब्रू घालवतो तो चुलतभावाच्या विधवेची खाचरे मिळवून देण्यासाठी खोटे बोलणारा नसतो, हे त्या म्हाताऱ्या वकिलाला कुणी सांगायला नको होते.

न्यायाधीश इंग्रजीत लिहीत होते. कोंडाजीला ती आडवी, वेगाने जाणारी अक्षरे पिंजऱ्यातून दिसत होती.

“साहेब, काय लिवलंत?”

“तुम्ही म्हणालात तेच.”

त्याचा विश्वास बसेना. तिथे इंग्रजी कळणारा त्याचा माणूस एकच होता. न्यायाधीशांनी पान साक्षीदाराला वाचून दाखवण्यासाठी पुढे सरकवले आणि गोमाजीने ते हातात घेतले. त्याने ते मनात वाचले, नको इतका वेळ वाचले. मग भावाला मराठीत सांगितले. दाखला सांगितला, महिना सांगितला, वडिलांचे बोल सांगितले. शेवटच्या ओळीशी आल्यावर तो थांबला.

“बरोबर लिहिलंय, दादा,” एवढेच तो म्हणाला. कोंडाजीने अंगठा पुढे केला.

निकालाची तारीख पंधरा दिवसांनी पडली. पण दालनातून बाहेर पडताना चांगू खांबेट्यांच्या मागे मागे तडजोडीचे काहीबाही बोलत चालला होता आणि खांबेटे त्याला हाताने गप्प राहायला सांगत होते.

*

बाहेर चिंचेच्या सावलीत ठमाबाईने भाकऱ्यांचे फडके सोडले. बयाबाई कोंडाजीपुढे आली, पण पाया पडायला वाकली नाही. बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. या माणसाने वाचवले आणि याच माणसाने बुडवले असते, या दोन्ही गोष्टी तिला एकदम कळल्या होत्या. “खावा भावजी,” ती शेवटी म्हणाली आणि भाकरीवर चटणी ठेवून तिने ती त्याच्या हातात दिली.

गोमाजी जरा लांब, कोर्टाच्या पायरीवर बसला होता. कोट काढून मांडीवर घेतलेला. महाडचे दोन वकील जाता जाता त्याच्याकडे पाहून आपसांत काही बोलले. सत्तेचाळिसावे पान आता मुंबईपर्यंत जाईल, कॉलेजातही कळेल, हे कोंडाजीला उमजत होते. आपल्याला आनंद होईल असे त्याला वाटले होते. थोडा झालाही.

तो भाकरी घेऊन पायरीशी गेला, एक पायरी खाली बसला. अर्धी मोडून वर दिली. गोमाजीने घेतली.

“प्रस्तावनेत नाव घालायला हवं होतं,” गोमाजी समोर बघत म्हणाला. “तेव्हा वाटलं, घरच्याचं काय घालायचं.”

“घरचाच मी.”

“दुसरी आवृत्ती काढावी लागेल. ते पान बदलून.”

“काढ.”

रस्त्यावरून पोलादपूरची एस. टी. धूळ उडवत गेली, ती चुकली. दोघेही खात राहिले. गोमाजीने हात झाडले, कोट अंगात घातला आणि मग, साक्षीदाराला विचारावे तसे नव्हे, त्याच्याकडे न पाहता विचारले:

“दादा, आणखी किती ठेवलेस मागे?”

कोंडाजी बोटांवर मोजू लागला. एका हाताची बोटे संपली, दुसऱ्या हाताची सुरू झाली. गोमाजी बघत होता. त्याचे तोंड हळूहळू उघडत गेले.

“नव,” कोंडाजी म्हणाला.

“नऊ!”

“व्हय.”

गोमाजीने कातडी पिशवी ओढून वही बाहेर काढली, लेखणीचे टोपण दातांनी उपसले आणि कोरे पान मांडीवर धरले. वरती, रेघेच्या डोक्यावर, त्याने मोठ्या अक्षरांत थोरल्या भावाचे नाव लिहिले आणि वही त्याच्यापुढे धरली. कोंडाजीला वाचता येत नव्हते. तरी तो त्या नावाकडे पुष्कळ वेळ बघत बसला.

“आठ सांगीन,” तो म्हणाला. “नववा माजा.”